नोराचा आरसा

प्रीता वानखेडे आत आली तेव्हा गुरुनाथ चिटणीस उत्तराताईंच्या डब्यातली शेवटची चकली खात होते. चकली तोंडात तशीच धरून त्यांनी तिला खुर्ची पुढे केली.

ईडन प्रेरी या अमेरिकन गावातल्या एका स्ट्रिप मॉलमध्ये, रस्त्याकडेच्या दुकानांच्या रांगेत, डेंटिस्ट आणि इंडियन ग्रोसरी यांच्या मधोमध, उत्तरा सबनीस यांचं ऑफिस होतं. निम्मं आयुष्य इन्शुरन्सचे खोटे क्लेम पकडण्यात घालवल्यावर त्यांनी प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेटरचं लायसन्स काढलं होतं. गुरुनाथ त्यांचे शेजारी. सॉफ्टवेअरमधून रिटायर झाल्यावर बायकोने त्यांना दिवसा घरात बसायला बंदी घातली. तेव्हापासून ते उत्तराताईंची गाडी चालवत आणि प्रत्येक केसमध्ये छातीठोकपणे चुकीच्या माणसावर संशय घेत.

"ताई, मला चोर ठरवलंय," प्रीता म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

उत्तराताईंनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "कशाची चोर?"

"आरशाची."

"आरसा?" गुरुनाथ म्हणाले. "अगं, डॉलरच्या दुकानात मिळतो की."

"काका, हा सव्वाशे वर्षांहून जुना आहे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. नदीकाठच्या एका जुन्या गावात हार्टवेल हाऊस नावाचा बंगला होता. एकोणिसाव्या शतकात पिठाच्या गिरणीच्या मालकाने बांधलेला, आता म्युझियम. आजवर लोकांना तिथली बॉलरूम आणि चांदीची भांडी दाखवत. इला कर्णिक ही मराठी मुलगी क्युरेटर झाली आणि म्हणाली, या घरात राबलं कोण, ते दाखवू या. तिसऱ्या मजल्यावर नोरा नावाची आयरिश मोलकरीण राहायची. तिची खोली इलाने जशीच्या तशी उभी केली.

"मालकिणीचा नियम होता, नोकरांच्या खोलीत आरसा नको. पोरी नटायला लागतात म्हणे," प्रीता म्हणाली. "मी तेव्हा नुसती व्हॉलंटिअर होते. जमीन रिपेअर करताना मला एका फळीखाली हातात धरायचा छोटा आरसा सापडला. नोराने लपवलेला. त्यानंतर पेपरात आलं, टीव्हीवर आलं, आणि त्यांनी मला जॉब ऑफर केला. माझा इथला पहिला जॉब, ताई. किती वर्षं वर्क परमिटची वाट पाहिली मी! नागपूरला म्युझियममध्येच काम करायचे, आणि इथे येऊन नुसती पोळ्या लाटत बसले होते."

"आणि आरसा गेला कधी?"

"शनिवारी. ओपनिंगच्या आधी मोठ्या देणगीदारांसाठी चहा होता, जुन्या काळच्या कपड्यांत. मी मोलकरीण झाले होते. खोलीची किल्ली माझ्याकडे. मी वर होते, तेवढ्यात खालून बेल वाजली. दिवाणखान्यातल्या दोरीची बेल. मिसेस हार्टवेलना गंमत दाखवायची होती, की बेल वाजवली की मोलकरीण कशी धावत येते."

"आणि तू धावलीस."

"धावले. खोली उघडीच राहिली. खाली मला ट्रे फिरवायला लावले. पाहुणे गेल्यावर वर जाऊन दार ओढून लॉक केलं, आत बघितलंच नाही. रविवारी इलाने उघडलं, तर आरसा गायब."

कॉन्स्टन्स हार्टवेल म्हणजे त्या मालकाची पणती आणि बोर्डाची अध्यक्ष. तिने उद्या दुपारपर्यंतची मुदत दिली होती. आरसा आला नाही तर नोकरी नाही, आणि वर पोलिसांत तक्रार.

"आमचं ग्रीन कार्ड अजून लायनीत आहे," प्रीता म्हणाली. "चोरीची कंप्लेंट झाली तर काय होईल ते अक्षतला विचारायचीसुद्धा मला भीती वाटते."

अक्षत म्हणजे तिचा नवरा. उत्तराताईंनी कोट उचलला.

"गुरुनाथराव, हात धुवा. निघायचंय."

*

हार्टवेल हाऊसचा पुढचा जिना इतका रुंद होता की त्यावरून लग्नाची वरात वर गेली असती. पण तो दुसऱ्या मजल्यावरच संपायचा. नोराच्या खोलीला जायचा जिना मागे, स्वयंपाकघरातून. अरुंद, उभा, आणि कठड्याच्या नावाने शंख. मालकांच्या पायाखाली गालिचा, नोकरांच्या पायाखाली नुसतं लाकूड; घर बांधतानाच कुणी कुठून चालायचं ते ठरलेलं होतं.

इला पुढे, मागे उत्तराताई आणि प्रीता, मग धापा टाकत गुरुनाथ. कॉन्स्टन्सबाई हातात कॉफीचा मग घेऊन आधीच वर येऊन उभ्या होत्या. सत्तरी उलटलेली, ताठ पाठीची बाई.

खोली लहान होती. लोखंडी पलंग, खुंटीवर पांढरा एप्रन, स्टँडवर पत्र्याचं घमेलं. रविवारपासून इथे कुणी काही हलवलं नव्हतं.

प्रीताने फोनवर शनिवारी सकाळचा फोटो दाखवला. घमेल्याशेजारी आरसा होता. आणि भिंतीवरच्या खिळ्याला झाडू टांगलेला होता. त्याच्या खाली इलाने लिहिलेली पाटी: चांगल्या घरात झाडू नेहमी टांगून ठेवत, म्हणजे त्याचे केस वाकत नाहीत.

उत्तराताईंनी फोटोवरून नजर उचलून खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता.

तेवढ्यात गुरुनाथ दाराआड सरकले आणि अडखळले. झाडू तिथे भिंतीलगत जमिनीवर आडवा पडला होता. पाय लागला म्हणून त्यांनी खाली वाकून झाडूला हात लावला, हात कपाळाला लावला, आणि तो उचलून भिंतीशी उभा केला.

"त्यांनी काय केलं हे?" कॉन्स्टन्सबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"सॉरी म्हणाले," उत्तराताई म्हणाल्या.

कॉन्स्टन्सबाई हसल्या. हसताना मग कलला आणि कॉफी फळ्यांवर सांडली. "कुणीतरी पुसा रे ते," असं म्हणत त्या खिडकीकडे सरकल्या. प्रीताने खिशातला टिश्यू काढून कॉफी टिपली.

खिडकीवर जाड पडदा होता. जुन्या कापडाला उजेड लागू नये म्हणून तो कायम ओढलेला असे. उत्तराताईंनी तो बोटाने बाजूला केला. सगळ्या माहितीपत्रकांत या घरातून दिसणाऱ्या नदीचं कौतुक होतं. इथून दिसत होती घोडागाड्या ठेवायच्या जुन्या गाडीखान्याची भिंत, आणि त्या भिंतीत विटांनी बुजवून टाकलेली एक खिडकी.

"अरे, हे तर मी पण कधी पाहिलं नव्हतं," इला म्हणाली. "खालून त्या स्प्रूसच्या झाडामुळे काही दिसतच नाही. आय शुड पुट धिस इन द एक्झिबिट."

उत्तराताईंनी पडदा सोडला आणि कॉन्स्टन्सबाईंकडे वळल्या.

"बेल वाजवल्यानंतर तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर व्हरांड्यात. इलाचं भाषण चालू होतं. मोलकरणीचे हात सोड्याने कसे फुटायचे ते ऐकण्यात मला रस नव्हता." त्यांनी ओठ घट्ट मिटले. मग राहवेना. "माझ्या पणजीचा पॅरिसहून आणलेला गाऊन त्यांनी खोक्यात घालून तळघरात ठेवला. लोक येतात आणि नोरा कुठे म्हणून विचारतात! घर आमचं आणि कौतुक तिचं. हो, मला हेवा वाटतो. पण एका मोलकरणीचा आरसा मी हातातही धरणार नाही."

त्या गेल्यावर गुरुनाथ कुजबुजले, "हीच. डोळे बघा तिचे."

*

कादंबरी गुर्जर खालीच भेटल्या. बारा वर्षं हार्टवेल हाऊसमध्ये फुकट गाइडचं काम करणाऱ्या. शनिवारच्या चहाला त्या घरमालकीण झाल्या होत्या. उत्तराताईंनी त्यांना बोलायला वर नोराच्या खोलीतच आणलं.

दारातून आत येताच कादंबरीकाकूंचं लक्ष भिंतीशी टेकवलेल्या झाडूकडे गेलं. "हे कुणी असं ठेवलं? इश्श!" त्यांनी झाडू उचलला आणि न बघता, सवयीच्या हाताने, खिळ्याला टांगला.

"बेल वाजली तेव्हा तुम्ही कुठे होतात, काकू?"

"दिवाणखान्यात चहा ओतत होते. मग गरम पाणी आणायला किचनमध्ये गेले. विचाराच आता, वर गेले होते का म्हणून. अहो, त्या ड्रेसला मागे एवढी मोठी उशी आणि खाली फूटभर घोळ! मला धड खुर्चीत बसता येईना. किचनच्या दारातून आडवी होऊन शिरले मी. या जिन्यावर तर मधेच अडकून बसले असते आणि फायर ब्रिगेड बोलवावी लागली असती."

"प्रीताला नोकरी मिळाली, तुम्हाला नाही."

कादंबरीकाकूंचा चेहरा लाल झाला. "जळले मी. सांगते ना! बारा वर्षं मी या घराच्या फरशा पाठ केल्या. थँक्सगिव्हिंगला कार्ड येतं, बस. आणि परवा आलेली पोरगी एक फळी उचलते आणि जॉब! रात्र रात्र झोप लागली नाही मला. पण ताई, आरसा चोरून मला काय मिळणार? तो गेला तर माणसंसुद्धा कमी येतील. या घराचं नुकसान म्हणजे माझंच."

"किचनमध्ये कोण होतं तेव्हा?"

"इलाची आई. शोभनाताई. त्या सँडविचेस लावत होत्या."

त्या गेल्यावर गुरुनाथ म्हणाले, "हीच. एवढं उघड बोलते म्हणजे काहीतरी लपवतेय."

उत्तराताईंनी झाडू खिळ्यावरून काढला, त्याखाली पांढरा रुमाल पसरला आणि झाडूचे केस बोटांनी विंचरले. रुमालावर धूळ पडली. धुळीत काहीतरी चमकलं. तांदळाच्या कणीएवढी काच. एका बाजूने पारदर्शक, दुसऱ्या बाजूने रुपेरी.

"म्हणजे?" गुरुनाथ म्हणाले.

"म्हणजे आरसा चोरीला गेला नाही. फुटला. चोर झाडू मारत नाही, गुरुनाथराव."

*

निघताना उत्तराताईंनी इलाला गाडीपाशी थांबवलं. इला इथेच जन्मलेली, तिशीतली, बोलताना हात खूप हलवणारी.

"आईला आवडलं का तुझं हे काम?"

"आई? शी इज फाइन विथ इट, आय गेस. तीन वर्षं मी काय करते ते तिने कधी विचारलं नाही, आणि मी पण सांगितलं नाही. पेपरात आर्टिकल आलं ते वाचलं असेल. ओपनिंग झाली की तिला वर घेऊन जाईन म्हटलं होतं, तर म्हणाली, माझे गुडघे दुखतात, तो जिना मला नको. शी डझन्ट लाइक ओल्ड थिंग्ज." इला हसली. "प्रीताशी मात्र मी सगळं बोलते. शी गेट्स इट. ताई, प्लीज तिला वाचवा. मी बोर्डाशी भांडले, पण माझं कुणी ऐकत नाही."

"ती नोरा तुला एवढी का आवडते?"

"कारण तिला कधी कुणी काही विचारलंच नाही ना," इला म्हणाली.

*

शोभना कर्णिक ईडन प्रेरीतच राहत होत्या, एका टाउनहाऊसमध्ये, एकट्याच. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. त्यांनी दार उघडलं आणि दोघांना थेट स्वयंपाकघरात नेलं. घर इतकं स्वच्छ होतं की गुरुनाथांनी न सांगता बूट काढले. ते खुर्ची ओढून दाराशी बसले आणि मागे दाराआड आडवा ठेवलेला लांब दांड्याचा झाडू पाहून त्यांनी पाय आवरून घेतले.

"आज संकष्टी. स्वयंपाक असा काही नाही, खिचडीच आहे," शोभनाताई म्हणाल्या आणि साबुदाण्याच्या खिचडीच्या बशा त्यांच्यापुढे ठेवल्या. ठेवताना त्यांच्या डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक दिसलं. पिवळंधमक.

गुरुनाथ खिचडीत रमले. ते खाताना सहसा कुणावर संशय घेत नसत.

"शनिवारी तुम्ही किचनमध्ये होतात," उत्तराताई म्हणाल्या. "मागच्या जिन्याने कुणी वर गेलेलं पाहिलंत?"

"नाही बाई. मी सँडविचेस लावत होते. कादंबरी पाण्याला आली आणि गेली. प्रीता ट्रे न्यायला येत होती."

"तुम्ही वर गेला नाहीत?"

"माझे गुडघे! तो जिना नाही हो झेपत. एकदाही गेले नाही."

"प्रीता कशी वाटते तुम्हाला?"

शोभनाताईंनी ओटा पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.

"चांगली आहे. इलाला तिच्याशिवाय चैन पडत नाही. रोज फोन, रोज मेसेज. मला रविवारी फोन, तोही गाडी चालवताना. सिग्नल सुटला की बाय आई." त्यांनी फडकं पिळलं. "आणि ती नोरा! पेपरात पानभर आलंय. नोरा किती वाजता उठायची, नोरा काय खायची, नोराने किती बादल्या वर नेल्या. मेलेल्या पोरीची एवढी काळजी! बंगला नदीकाठचा, पण तिच्या वाट्याला काय, तर गाडीखान्याची भिंत आणि तिच्यात विटांनी बुजवलेली खिडकी. रोज उठून तेच बघायचं."

"खरंय," उत्तराताई म्हणाल्या. "खिचडी छान झालीय."

गाडीत बसल्यावर गुरुनाथ म्हणाले, "बिचाऱ्या. एकट्या पडल्यात. मला वाटतं, प्रीताचा नवराच यात असावा. बायको पुढे गेलेली पुरुषांना—"

"गुरुनाथराव, तुमच्या घरी उपासाच्या खिचडीत हळद घालतात?"

"छे! उपासाला हळद? बायको घराबाहेर काढेल."

"मग गप्प बसा आणि गाडी चालवा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तराताईंनी सगळ्यांना हार्टवेल हाऊसच्या जेवणघरात बोलावलं. लांबलचक टेबलाच्या डोक्याशी कॉन्स्टन्सबाई बसल्या. त्यांच्या बाजूला कादंबरीकाकू, समोर इला आणि प्रीता. शोभनाताई स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. इलाने त्यांना गाडीतून आणलं होतं, तुझी साक्ष लागेल म्हणून.

उत्तराताई उभ्या राहिल्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या. जिथे शब्द सापडेना तिथे मराठीत.

"पहिली गोष्ट. आरसा चोरीला गेला नाही. फुटला." त्यांनी रुमाल उघडून काचेची कणी दाखवली. "आणि ज्याने फोडला त्याने खोली झाडून काढली, त्याच खोलीतल्या झाडूने. एक बारीक कण झाडूत राहून गेला. म्हणजे आपल्याला चोर शोधायचा नाही. झाडून काढणारं माणूस शोधायचंय."

कॉन्स्टन्सबाईंनी भुवया उंचावल्या.

"तुम्ही नाही, मिसेस हार्टवेल. काल तुमच्या हातून कॉफी सांडली आणि तुम्ही कुणीतरी पुसा म्हणालात. आरसा तुमच्या हातून फुटला असता, तर काचा अजून तिथेच असत्या."

कादंबरीकाकूंना हसू आवरेना.

"काकू, तुम्हीही नाही. त्या ड्रेसमध्ये तुम्ही जिन्यावर मावला नसता. आणि दुसरंही एक कारण आहे. झाडू खिळ्यावर नव्हता. तो दाराआड जमिनीवर आडवा ठेवलेला होता. तुम्ही काल झाडू उभा दिसला तेव्हा न बघता खिळ्याला टांगलात. बारा वर्षांची सवय. तुम्ही खोली झाडली असती तर तो खिळ्यावरच गेला असता. प्रीताचंही तेच. ती खोली तिने मांडली, झाडू तिनेच टांगला, आणि फोटोही तिनेच काढला. फुटलेला आरसा लपवायचा असता, तर बाकी सगळं फोटोसारखं ठेवणं हे तिचं पहिलं काम असतं. इला तर त्या वेळी तीस पाहुण्यांसमोर भाषण देत होती."

"तर मग झाडू आडवा कोण ठेवतं?" गुरुनाथांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"तुमची आई कसा ठेवायची, गुरुनाथराव?"

गुरुनाथ म्हणाले, "आडवा. दाराआड. केरसुणी उभी ठेवायची नाही, लक्ष्मी असते ती." आणि मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"घाईत, घाबरलेलं माणूस डोक्याने वागत नाही, हाताने वागतं. काल मी एका स्वयंपाकघरात दाराआड आडवा ठेवलेला झाडू पाहिला. नुसत्या झाडूवरून मी कुणाला धरलं नसतं, आपल्याकडे शंभर घरांत तो तसाच असतो. पण त्या घरी आम्हाला उपासाची खिचडी मिळाली. तिच्यात हळद नसते. तरी खिचडी देणाऱ्या बोटाला हळद होती, एकाच बोटाला, टोकाला. कापलं की आपण हळद दाबतो. आणि शेवटची गोष्ट. नोराच्या खिडकीतून बुजवलेली खिडकी दिसते. पडदा कायम बंद, खालून झाड आडवं येतं. इलानेसुद्धा ती काल पहिल्यांदा पाहिली. पण जिना एकदाही न चढलेल्या एका बाईंना ती ठाऊक होती."

इलाने मान वळवली. हळूहळू, स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"आई?"

शोभनाताईंनी पर्स उघडली. आतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. लाकडी मूठ, रिकामी चौकट, आणि एका डबीत काचा.

"फुटका आरसा घरात ठेवू नये म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण टाकवलाही नाही."

"बट व्हाय?" इलाचा आवाज चिरकला.

"तुझं भाषण ऐकू येत होतं किचनमध्ये. म्हटलं, बघू तरी, माझ्या मुलीने तीन वर्षं कुणासाठी घालवली. बसत उठत गेले वर. ते घमेलं बघितलं. एप्रन बघितला. पडदा सारून खिडकीबाहेर बघितलं. तू पाटीवर लिहिलंयस, तिचे हात सोड्याने फुटायचे आणि रात्री ती त्यांना चरबी लावायची." शोभनाताईंनी स्वतःचे हात टेबलावर ठेवले. "मी खोबरेल लावायचे. तुझे बाबा शिकत होते, मला काम करायची परवानगी नव्हती. तळ्याकाठच्या एका बंगल्यात मी मागच्या दाराने जायचे. बाथरूम, फरशा, इस्त्री. कुणाला सांगायचं नाही. तुला तर कधीच नाही. माझी मुलगी मान वर करून शाळेत जायला हवी होती."

त्यांनी टेबलावरची रिकामी चौकट जवळ ओढली.

"आणि मग तो आरसा हातात घेतला. त्यात माझंच तोंड. मला इतका हेवा वाटला त्या पोरीचा! मेली तरी तिला कुणीतरी विचारतंय. मी जिवंत आहे, इथून वीस मिनिटांवर राहते. आपटला मी. हातातून निसटला नाही, आपटला."

"काखेत कळसा..." गुरुनाथ पुटपुटले. उत्तराताईंनी त्यांच्याकडे पाहिलं तसे ते गप्प झाले.

कॉन्स्टन्सबाईंसाठी इला तुटक तुटक भाषांतर करत होती. ते संपल्यावर त्या शोभनाताईंकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आमच्या तळ्यावरच्या घरीही तेव्हा एक इंडियन बाई यायची. नाव आठवत नाही मला. तुम्ही तर नव्हतात?"

"नसेन," शोभनाताई इंग्रजीत म्हणाल्या. "आम्ही बऱ्याच जणी होतो."

कॉन्स्टन्सबाईंनी नजर खाली घेतली. त्यानंतर त्यांनी प्रीताची नोकरी कायम असल्याचं सांगितलं, आणि तक्रार होणार नाही असंही.

प्रीता उठली.

"काकू, तुम्ही जे सोसलं ते मला कळतं. मीही सहा वर्षं घरात बसलेय. पण तुम्ही मला दोन दिवस चोर राहू दिलंत. माझ्या जागी तुम्हीही होतात ना कधीतरी?"

"तुझाही राग होता मला," शोभनाताई म्हणाल्या. "इला तुझ्याशी बोलते तसं माझ्याशी बोलत नाही. तुला काढलं तर ती घरी येईल, असंही वाटून गेलं. खोटं कशाला बोलू!"

"मग शनिवारी ओपनिंगला या. मला चोर म्हणताना जे जे होते, ते सगळे असतील. त्यांच्यासमोर सांगा."

म्हणजे सगळंच सांगायचं. मागचं दार, फरशा, इस्त्री. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं. शोभनाताईंनी पदर सारखा करावा तसा स्वेटर ओढून घेतला आणि मान हलवली.

"सांगेन. मी फोडला म्हणून सांगेन, आणि का तेही."

इलाने घाईघाईने फोन काढला. "आई, वेट. मला हे रेकॉर्ड करू दे. धिस इज सो इम्पॉर्टंट. आपण एक दुसरी खोली करू, तुझी—"

"ठेव तो फोन." शोभनाताईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला खोलीत मांडू नकोस. पाटी लावायची ती मेल्यावर लाव. आत्ता मी बसलेय इथे. काय विचारायचं ते विचार."

इलाने फोन टेबलावर उपडा ठेवला. तीन वर्षं तिने एका मेलेल्या मुलीला हजार प्रश्न विचारले होते, आता एकही सुचेना. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि आईच्या खुर्चीशी जमिनीवरच बसली.

"तू कामाला जायचीस," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा मी कुठे असायचे?"

"तू?" शोभनाताई म्हणाल्या. "तू तिथेच असायचीस. इस्त्रीच्या टेबलाखाली, त्यांच्या धुण्याच्या टोपलीत. तू रडलीस तर पुन्हा कामाला यायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. आणि तू कधी रडली नाहीस गं."